सोलची परवानाधारक सुईण

१९२० च्या दशकात सोलच्या इन्सा-दोंग भागात ‘सुईण पाक जा-हे’ अशी एक पाटी होती. ही बाई लहानपणी राजवाड्यात सेविका होती. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला, राजवाडा ओस पडत गेला आणि ती बाहेर पडली. मग शाळा शिकली आणि वसाहत सरकारच्या रुग्णालयात सुईणीचं रीतसर शिक्षण घेतलं.

कोरियात बाळंतपण घरातच व्हायचं. सासू किंवा शेजारची अनुभवी बाई ते सोडवायची. सामशिन या जन्मदेवतेपुढे भात आणि समुद्री शेवाळाचं सार ठेवायचे. दारावर गवताचा दोर बांधायचे, मुलगा झाला तर त्यात लाल मिरच्या, मुलगी झाली तर कोळसे. एकवीस दिवस परक्याला आत मज्जाव. ही प्रथा मला फार शहाणपणाची वाटते, कारण नवजात बाळाला बाहेरच्या संसर्गापासून दूर ठेवण्याचं काम तिने आपोआप केलं.

खरा धोका मात्र आतच असायचा. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. अस्वच्छ हत्याराने नाळ कापली की ते जखमेत शिरतात, आणि आठवड्याभरात बाळाचा जबडा घट्ट मिटतो, दूध ओढता येत नाही. आईच्या बाबतीत तसाच घात न धुतलेले हात करतात. गर्भाशयातली वार सुटलेली जागा ही उघडी जखमच असते, तिथून सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतिणीचा जंतुसंसर्गाचा ताप, सुरू होतो. प्रशिक्षित सुईण हात निर्जंतुक करायची, कात्री उकळायची. एवढ्यानेही जीव वाचत होते.

१९१४ मध्ये वसाहत सरकारने सुईणींसाठी नियम काढले आणि हा धंदा परवान्याखाली आला. पण परवानाधारकांत जपानी बायकाच जास्त, आणि त्यांची गिऱ्हाइकं मुख्यतः शहरांतली जपानी कुटुंबं. गरीब कोरियन घराला फी परवडत नव्हती, आणि सासू घरात असताना परक्या बाईला बोलवायचं कशाला, हाही प्रश्न होताच.

मार्च १९१९ च्या स्वातंत्र्य आंदोलनात जखमी रुग्णालयात येऊ लागले, तेव्हा पाक जा-हे यांनी तिथल्या परिचारिकांना एकत्र करून संपाची हाक दिली. पुढे अटक, मग बीजिंग, आणि १९२० मध्ये इतिहासकार-क्रांतिकारक शिन चे-हो यांच्याशी लग्न. १९२२ मध्ये त्या मुलासह सोलला परतल्या आणि पाटी लावली. पोलिसांची नजर कायम असायची. १९२८ मध्ये ‘दोंग-आ इल्बो’ या दैनिकाने त्यांच्या घरची हलाखी छापली: गिऱ्हाईक येत नाही, चूल पेटत नाही. नवरा तेव्हा जपान्यांच्या कैदेत होता, आणि १९३६ मध्ये तुरुंगातच वारला.

सगळ्याच जणींचं असं झालं नाही. जोंग जोंग-म्योंग या विधवा, याही परिचारिका आणि सुईण. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या गुनुह्वे या स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेच्या त्या आघाडीच्या नेत्या होत्या. विधवा बाईला स्वतःच्या कमाईवर उभं राहून उघडपणे राजकारण करता येईल, असे व्यवसाय त्या काळच्या कोरियात मोजकेच होते, आणि सुईणपण त्यातलं एक होतं.