श्वानांसाठी सीबीडी

सीबीडी म्हणजे कॅनाबिडिओल. भांगेच्या झाडात सापडणारे हे द्रव्य १९४० साली अमेरिकेत रॉजर ॲडम्स यांनी वेगळे केले. नशा आणणारे टीएचसी त्याच झाडात असते, पण सीबीडीने झिंग येत नाही.

मराठवाड्यात सीबीडीच्या तेलाची चौकशी बहुधा म्हाताऱ्या कुत्र्यासाठी होते. आखाड्यावर राखणीत आयुष्य घालवलेले पश्मी किंवा कारवानी कुत्रे थंडीत उठताना मागच्या पायांनी अडखळते, बाजेखाली शिरताना कण्हते. ही सहसा सांधेदुखी असते आणि सीबीडीची सर्वात भक्कम आशा याच दुखण्यात आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात सांधे झिजलेल्या कुत्र्यांना वजनाच्या दर किलोला २ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी दिल्यावर वेदना कमी झाल्या, हालचाल वाढली. मात्र यकृताशी निगडित अल्कलाइन फॉस्फटेज या विकराची रक्तातील पातळीही वाढली. फेफऱ्यावर कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने २०१९ मध्ये काम प्रसिद्ध केले. झटके सुमारे ३३ टक्क्यांनी घटले, पण झटके निम्म्याहून खाली आलेल्या कुत्र्यांची संख्या सीबीडी मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशा दोन्ही गटांत सारखीच निघाली. दोन्ही अभ्यास लहान होते. भीती किंवा कर्करोग यांवरचे दावे याहून पुष्कळ कच्चे आहेत.

बाटलीचा हिशेब मात्र प्रत्येकाने करावा. समजा ३० मिलिलिटरच्या बाटलीवर ३०० मिलिग्रॅम सीबीडी लिहिले आहे, म्हणजे एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम. वीस किलोच्या कुत्र्याला कॉर्नेलच्या प्रमाणाने एका वेळी ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४ मिलिलिटर लागतील. दिवसाला आठ! बाटली चार दिवसही पुरत नाही, आणि ‘दोन थेंब पाजा’ या सल्ल्यात औषध जवळपास नसतेच. भांगेच्या बियांचे तेल हे तर खाद्यतेल. त्यात सीबीडी नावापुरतेच असते.

घरची भांग किंवा गांजा हा सीबीडीच्या तेलाला पर्याय नाही, हे ठासून सांगावे लागते. कुत्र्याचा मेंदू टीएचसीला फार संवेदनशील असतो. महाशिवरात्रीला उरलेली थंडाई चाटलेले कुत्रे झोकांड्या खाते, आवाजाने दचकते, नकळत लघवी करते. अशा वेळी घरगुती उपाय न करता थेट पशुवैद्य गाठावा आणि काय खाल्ले ते न लपवता सांगावे. कायद्याचेही आहेच. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा व चरस येतात. फुलोऱ्याच्या शेंड्यांविना असलेली पाने व बिया त्या व्याख्येत नाहीत.

सीबीडी यकृतात मोडते, त्यामुळे फेफऱ्याच्या किंवा इतर गोळ्या चालू असलेल्या कुत्र्याला ते स्वतःच्या मनाने देऊ नये. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. आधी रक्ततपासणी, मग तेल. तोवर वजन उतरवणे आणि थंड फरशीऐवजी गोणपाटाचे जाड अंथरूण यांनीही सांध्यांना आराम पडतो. माणसांची आयब्युप्रोफेनची गोळी मात्र चुकूनही देऊ नये, ती कुत्र्याच्या जिवावर बेतते.