प्रतिरक्षा पेशींपर्यंत लक्ष्यित वितरण

प्रतिजन (प्रतिरक्षा यंत्रणा ज्याला ओळखून प्रतिक्रिया देते असा पदार्थ) किंवा औषध शरीरभर पसरू न देता ठरावीक प्रतिरक्षा पेशींपर्यंत नेऊन पोचवण्याच्या तंत्रांना, आणि त्या पेशी पुढे काय करतील हे ठरवण्याच्या प्रयत्नांना, एकत्रितपणे लक्ष्यित वितरण म्हणतात. लशीचा परिणाम वाढवणे, कर्करोगाविरुद्ध टी पेशी (ठरावीक प्रतिजन ओळखणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तयार करणे, स्वयंप्रतिरक्षा विकारांत चुकीची प्रतिक्रिया शमवणे आणि पेशींच्या आत दडलेल्या जंतूंपर्यंत औषध नेणे, अशा परस्परांहून भिन्न कामांसाठी या संशोधनाचा उपयोग होतो.

अशा वितरणाची गरज टी पेशींच्या एका मर्यादेमुळे निर्माण होते. बी पेशी, म्हणजे दुसऱ्या प्रकारची पांढरी पेशी, अखंड प्रथिनाला थेट ओळखू शकते. टी पेशीला मात्र ते प्रथिन तोडून, त्याचे लहान तुकडे दुसऱ्या एखाद्या पेशीने आपल्या पृष्ठभागावर मांडून दाखवावे लागतात. हे मांडण्याचे काम सर्वांत प्रभावीपणे करणाऱ्या डेंड्रिटिक पेशी संख्येने फार थोड्या असतात. रक्तातील पांढऱ्या पेशींत त्यांचे प्रमाण सुमारे एक टक्का किंवा त्याहूनही कमी असते. साध्या टोचणीने दिलेल्या प्रथिनातील बराचसा भाग इतर पेशी गिळतात, विकरे (एन्झाइम) तोडून टाकतात किंवा तो रक्तातून वाहून जातो, आणि नेमक्या पेशींच्या वाट्याला त्यातला अल्पसा अंश येतो. तो अंश वाढवायचा, की मिळालेल्या अंशाचा अर्थ बदलायचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि या क्षेत्रातील बरेच गैरसमज ते दोन्ही एकच मानल्यामुळे झाले आहेत.

पूर्वपीठिका : रोगाच्या कारणावर नेमका आघात करून बाकीच्या शरीराला धक्का न लावणाऱ्या औषधाची, म्हणजेच ‘जादूच्या गोळी’ची, कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी पाउल एर्लिख यांनी मांडली. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी लागणारी साधने हळूहळू जमा होत गेली. पाउल लांगरहान्स यांनी १८६८ मध्ये त्वचेतील फांद्यांसारखे हातपाय असलेल्या पेशींचे वर्णन केले होते, परंतु त्या चेतापेशी असाव्यात असे त्यांना वाटले. राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी १९७३ मध्ये उंदराच्या प्लीहेत डेंड्रिटिक पेशी ओळखल्या. या कार्यासाठी स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा त्यांचे निधन होऊन तीनच दिवस झाले होते. अ‍ॅलेक बँगहॅम यांच्या साठच्या दशकातील संशोधनातून लायपोसोम, म्हणजे मेदाच्या दुहेरी पडद्याचे सूक्ष्म फुगे, हाती आले. १९७५ मध्ये गेओर्ग क्योलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच साच्याचे प्रतिपिंड (विशिष्ट रेणूला चिकटणारे प्रथिन) हवे तेवढे तयार करण्याची पद्धत शोधली आणि त्यामुळे एखाद्या पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट रेणूलाच चिकटणारा वाहक प्रथमच उपलब्ध झाला.

निर्णायक प्रयोग : या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रयोग स्टाइनमन आणि मिशेल नुसेनझ्वाइग यांच्या गटाने २००१ मध्ये प्रसिद्ध केला. डेंड्रिटिक पेशींवरील डेक-२०५ या ग्राहीला (पेशीच्या पृष्ठभागावरील, बाहेरचे रेणू पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला त्यांनी कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइम या प्रथिनाचा एक तुकडा जोडला आणि तो उंदरांना अत्यल्प मात्रेत टोचला. त्याआधी त्या तुकड्याला ओळखणाऱ्या टी पेशी सीएफएसई नावाच्या रंगद्रव्याने रंगवून त्या उंदरांत सोडल्या होत्या. पेशीचे विभाजन झाले की हे रंगद्रव्य दोन कन्यापेशींत निम्मे निम्मे वाटले जाते, त्यामुळे पेशी एकेक करून लेझरसमोरून सोडल्या की आलेखावर उजवीकडून डावीकडे उतरत जाणारी शिखरांची रांग दिसते आणि कोणती पेशी किती वेळा विभागली हे थेट मोजता येते. पहिल्या काही दिवसांत ही रांग अगदी ठसठशीत होती, म्हणजे प्रतिजन पोचले होते, मांडले गेले होते आणि टी पेशींनी ते ओळखलेही होते. मात्र आठवड्याभरात त्यांतील बहुतेक टी पेशी नाहीशा झाल्या आणि उरलेल्या पेशींनी तेच प्रतिजन प्रभावी साहाय्यकासह (प्रतिरक्षा प्रतिक्रिया वाढवणाऱ्या द्रव्यासह) पुन्हा दिल्यावरही प्रतिसाद दिला नाही. त्याच मात्रेसोबत डेंड्रिटिक पेशींना सीडी-४० या ग्राहीमार्फत जागृत करणारे दुसरे प्रतिपिंड दिले तेव्हा टी पेशींची सक्रियता टिकून राहिली.

प्रतिजन एकच, पेशी एकच, पत्ता एकच असूनही एका बाजूला सहनशीलता आणि दुसऱ्या बाजूला प्रतिकार निर्माण झाला. डेंड्रिटिक पेशी शरीराच्या स्वतःच्या मेलेल्या पेशींचे अवशेष रोजच गोळा करून टी पेशींना दाखवत असते. सोबत धोक्याची सूचना नसेल तर ‘हे आपलेच आहे’ असा त्याचा अर्थ लागतो. म्हणून लक्ष्यित वितरण म्हणजे केवळ अचूक पत्ता, ही समजूत अपुरी आहे. पत्त्यासोबतचा संदेश अधिक महत्त्वाचा आहे आणि प्रतिजन व धोक्याची सूचना ही दोन्ही एकाच पेशीत, जवळपास एकाच वेळी पोचणे इष्ट असते. कणांत प्रतिजन आणि साहाय्यक द्रव्य एकत्र भरण्यामागे हेच कारण आहे.

ग्राहींची निवड : डेक-२०५ खेरीज मॅनोज ग्राही, डीसी-साइन, क्लेक-९ए, एक्ससीआर-१ आणि लसीका ग्रंथींतील (प्रतिरक्षा पेशी जिथे एकत्र येतात त्या गाठींतील) महाभक्षी, म्हणजे जंतू व कण गिळणाऱ्या, पेशींवर आढळणारा सीडी-१६९ हे ग्राही अभ्यासले गेले आहेत. निवड करताना ग्राही कोणकोणत्या पेशींवर आहे हे पाहावे लागते, आणि येथे उंदीर फसवतो. डेक-२०५ उंदरात बऱ्याच अंशी डेंड्रिटिक पेशींपुरता मर्यादित वाटतो, पण माणसात तो कमीअधिक प्रमाणात इतर अनेक पांढऱ्या पेशींवरही असतो. याउलट क्लेक-९ए आणि एक्ससीआर-१ हे ग्राही दोन्ही प्राण्यांत डेंड्रिटिक पेशींच्या एका विशिष्ट उपप्रकाराशी निगडित आहेत. बाहेरून घेतलेले प्रतिजन मारक टी पेशींना दाखवण्यात, म्हणजे मायकेल बेव्हन यांनी १९७६ मध्ये नोंदवलेल्या आडवळणाच्या सादरीकरणात, हा उपप्रकार विशेष तरबेज असतो. क्लेक-९ए मुळात फुटलेल्या मृत पेशींतील उघड्या पडलेल्या अ‍ॅक्टिन तंतूंना ओळखतो. वितरणाच्या संशोधनाने त्याची नैसर्गिक वाटच वापरली आहे.

प्रतिजन पेशीच्या आत गेले की काम संपत नाही. मानवी डेंड्रिटिक पेशींवरील अभ्यासात असे दिसले की डेक-२०५ मार्फत प्रतिजन भराभर आत ओढले जाते, पण ते पचनाच्या उत्तरार्धातील, अधिक आम्ल कप्प्यांत जाऊन लवकर नष्ट होते. सीडी-४० मार्फत आत जाणारे प्रमाण कमी असूनही ते सुरुवातीच्या सौम्य कप्प्यांत रेंगाळते आणि मारक टी पेशींना अधिक चांगले दाखवले जाते. किती आत गेले यापेक्षा कुठल्या कप्प्यात किती वेळ राहिले, हे अधिक निर्णायक ठरते.

आकार आणि शरीराचे स्वतःचे मार्ग : ग्राहीला चिकटणारा रेणू न लावताही वितरणाला दिशा देता येते. त्वचेखाली किंवा स्नायूत टोचलेले अगदी लहान रेणू केशवाहिन्यांतून रक्तात निघून जातात. साधारण १० ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण लसीकावाहिन्यांतून स्वतःहून लसीका ग्रंथीपर्यंत वाहत जातात, तर कित्येकशे नॅनोमीटरचे कण टोचल्या जागीच अडकून राहतात आणि डेंड्रिटिक पेशी ते गिळून ग्रंथीपर्यंत वाहून नेईपर्यंत तिथेच थांबतात. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत लसीका ग्रंथी शोधण्यासाठी वापरली जाणारी रंगद्रव्ये अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून ग्रंथीत पोचतात. हे ध्यानात घेऊन डॅरेल अर्व्हाइन यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रतिजनाच्या तुकड्याला मेदाची शेपटी जोडली, म्हणजे तोही अल्ब्युमिनच्या पाठीवर बसून ग्रंथीत जातो. फारशी गुंतागुंत नसलेला हा उपाय या क्षेत्रातील सर्वांत सुबक कल्पनांपैकी एक म्हटला पाहिजे.

रक्तात सोडलेल्या कणांची गोष्ट वेगळी असते. कण रक्तात शिरताच त्यांच्यावर रक्तातील प्रथिनांचे आवरण चढते आणि पुढे पेशींना दिसते ते हे आवरण. अनेक मेद-नॅनोकणांवर एपोलायपोप्रोटीन-ई बसते आणि ते यकृतात ओढले जातात. २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या पॅटिसिरान या औषधाला यकृतातच जायचे असल्याने ही गोष्ट त्याच्या पथ्यावर पडली, पण प्रतिरक्षा पेशी गाठू पाहणाऱ्यांना तीच अडचण ठरते. २०१६ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी मेद आणि आरएनए यांचे प्रमाण बदलून कणांचा एकूण विद्युतभार किंचित ऋण केला, तेव्हा कोणताही प्रतिपिंड न लावता आरएनए प्लीहेतील डेंड्रिटिक पेशींत पोचू लागला. त्या पेशींनी आरएनएलाच विषाणूसारखा धोका मानल्यामुळे पत्ता आणि संदेश ही दोन्ही कामे एकाच रेणूने केली.

औषधांचे वितरण : महाभक्षी पेशी समोर आलेला कण गिळतातच, त्यामुळे त्यांच्यापर्यंत औषध नेणे तुलनेने सोपे असते. काळा आजार घडवणारा लिशमानिया हा परजीवी याच पेशींत वस्ती करतो. लायपोसोममध्ये भरलेले अ‍ॅम्फोटेरिसिन-बी त्या पेशी आपणहून गिळतात आणि मूत्रपिंडाला अपाय करणारे औषध बरेच कमी अपाय करून योग्य जागी पोचते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील एका चाचणीत शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे १० मिलिग्रॅमची एकच मात्रा दिल्यावर सहा महिन्यांनी सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे असल्याचे आढळले. तुलनेसाठी दिलेल्या जुन्या पद्धतीच्या उपचारात त्याच औषधाच्या शिरेतून पंधरा मात्रा द्याव्या लागत. प्रयोगशाळेत हाच गुण उलटा वापरतात: मोकळे क्लोड्रोनेट हे औषध पेशीपटलातून सहज आत शिरत नाही, पण लायपोसोममधून महाभक्षी पेशीच्या आत गेले की ते तिला मारते, आणि त्या पेशींविना शरीर कसे चालते ते पाहता येते.

प्रतिपिंडाला विषारी औषध जोडण्याची पद्धत प्रतिरक्षा पेशींपासूनच उद्भवणाऱ्या कर्करोगांत रुजली. सीडी-३० ला चिकटणारे ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन २०११ पासून हॉजकिन लिम्फोमा या लसीका पेशींच्या कर्करोगात वापरले जाते.

सहनशीलतेसाठी वितरण : २००१ च्या प्रयोगाची दुसरी बाजू येथे कामी येते. सीलियाक रोगात गव्हातील ग्लायडिन या प्रथिनाविरुद्ध टी पेशी आतड्याच्या अस्तराला इजा करतात. पीएलजीए या विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) कणांत ग्लायडिन भरून, कोणतेही जागृती देणारे द्रव्य न घालता, ते शिरेतून दिले असता प्लीहा आणि यकृत येथील भक्षक पेशी ते शांतपणे उचलतात. रुग्णांवरील दुसऱ्या टप्प्याच्या एका लहान चाचणीत असे कण घेतलेल्यांना नंतर मुद्दाम ग्लूटेन खायला दिल्यावर ग्लायडिनविरोधी टी पेशींची प्रतिक्रिया कमी झाल्याचे दिसले. सगळी प्रतिरक्षा दाबून टाकणाऱ्या औषधांच्या तुलनेत, एकाच प्रतिजनापुरती प्रतिक्रिया शमवणे हे या क्षेत्राचे सर्वांत मोलाचे उद्दिष्ट आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

अडचणी : आत गेलेल्या आरएनएचा फार थोडा भाग कप्प्यातून सुटून पेशीद्रवात येतो; मेद-नॅनोकणांतील लहान आरएनएच्या बाबतीत हे प्रमाण एक ते दोन टक्के मोजले गेले आहे. कण रक्तात जास्त काळ टिकावेत म्हणून त्यांवर चढवलेल्या पीईजी या बहुवारिकाविरुद्ध शरीर प्रतिपिंड बनवू शकते आणि मग पुढची मात्रा लवकर हटवली जाते. वाहक हाही एक नवा प्रतिजन ठरतो. पेशी शरीराबाहेर काढून, तिथे प्रतिजन देऊन परत सोडण्याचा मार्ग अर्थातच अचूक असतो, आणि प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी २०१० मध्ये मान्यता मिळालेले सिप्युल्युसेल-टी त्याच पद्धतीचे आहे, पण प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र मात्रा बनवणे खर्चिक आणि वेळखाऊ असते.

म्हणूनच पेशी शरीरातच बदलण्याच्या प्रयत्नांकडे लक्ष वळले आहे. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी सीडी-५ ला चिकटणारे प्रतिपिंड लावलेल्या मेद-नॅनोकणांतून एमआरएनए थेट उंदरांच्या टी पेशींत नेला. त्या टी पेशींनी हृदयात चट्टे पाडणाऱ्या तंतुपेशी ओळखणारा कृत्रिम ग्राही काही काळापुरता धारण केला. पुढे एमआरएनए नष्ट झाल्यावर तो ग्राहीही ओसरला, पण दरम्यानच्या काळात उंदरांच्या हृदयातील तंतुमयता घटली होती.