१३.६ टीईव्ही नेमकी कुणाची?

एलएचसी (लार्ज हेड्रॉन कोलायडर) हे कण आदळवणारं यंत्र आता सगळ्यांना ठाऊक आहे: जिनिव्हाजवळचा जमिनीखालचा २७ किलोमीटरचा बोगदा, समोरासमोर धावणारे प्रोटॉन, ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झालेला हिग्ज बोसॉन. (त्याला ‘देवकण’ म्हणणं कृपा करून थांबवा.) घोळ होतो तो त्याच बोगद्यात १९८९ ते २००० या काळात चाललेल्या एलईपी या आधीच्या यंत्रामुळे. एलईपीच्या टकरीची कमाल ऊर्जा २०९ जीईव्ही (कणांच्या ऊर्जेचं एकक), एलएचसीची १३.६ टीईव्ही (१ टीईव्ही म्हणजे १००० जीईव्ही); म्हणजे ‘तेच यंत्र, पासष्ट पट ताकदीचं’ असं सर्रास लिहिलं जातं. ते तेच यंत्र नाही.

किरकोळ फरक उरकून टाकतो. एलईपीत इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन आदळत. हलका कण वळणावर किरणोत्सर्गाने ऊर्जा गमावतो. शेवटच्या काळात तिथला इलेक्ट्रॉन एका फेरीत सुमारे ३ जीईव्ही घालवत असे. प्रोटॉन १८३६ पट जड, त्याला हा त्रास नगण्य. त्याची अडचण वेगळी: त्याला वळवायला फार बळकट चुंबक लागतात.

खरा फरक टक्कर कुणाची होते यात आहे. इलेक्ट्रॉनला आतले भाग असल्याचं आजवर दिसलेलं नाही. तो पॉझिट्रॉनवर आदळून दोघं नाहीसे झाले की दोघांची सगळी ऊर्जा त्या टकरीत उतरते. प्रोटॉन मात्र हेड्रॉन आहे, क्वार्क आणि ग्लुऑन भरलेलं पोतं. दोन पोती आपटतात तेव्हा गाठ पडते ती बहुधा एकातल्या एका दाण्याची दुसऱ्यातल्या एका दाण्याशी. १३.६ टीईव्ही ही पोत्यांची ऊर्जा, दाण्यांची नव्हे. १२५ जीईव्ही वस्तुमानाचा हिग्ज बनतो तेव्हा भिडणाऱ्या दोन ग्लुऑनांकडे आपापल्या प्रोटॉनच्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक-एक टक्का असतो.

बरं, कोणत्या दाण्याकडे किती वाटा होता हे त्या एका टकरीपुरतं आधी कळायला मार्ग नाही. उरलेली पोती फुटून बरीचशी ज्या नळीतून प्रोटॉन धावतात तिच्या दिशेनेच निघून जातात. त्यामुळे नळीच्या दिशेचा हिशेब लागतच नाही. भरवशाचा हिशेब फक्त आडव्या दिशेचा: टकरीआधी आडवा संवेग जवळजवळ शून्य होता, म्हणून नंतरही बेरीज शून्य यायला हवी. ती आली नाही, तर न्यूट्रिनोसारखं (उपकरणांना न सापडणाऱ्या कणासारखं) काहीतरी न दिसता निसटलं. एलएचसीच्या निबंधांत ‘आडवी हरवलेली ऊर्जा’ हा शब्दप्रयोग पानोपानी असतो तो यामुळे. त्यातलं ‘आडवी’ गाळून भाषांतर करणं ही माझ्या मते सगळ्यात वाईट चूक, कारण यंत्राचा स्वभावच त्या एका शब्दात आहे.

मुंबईच्या टीआयएफआरमधल्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या) संशोधकांनी हे दोन्ही हिशेब हाताळलेत: एलईपीवर एल३ प्रयोगात, एलएचसीवर सीएमएसमध्ये.

‘हेड्रॉन शोधासाठी, इलेक्ट्रॉन मोजमापासाठी’ हे सुटसुटीत वाक्यही मला पटत नाही. हिग्जचं वस्तुमान एलएचसीनेच हजारात एका भागाइतक्या अचूकतेने मोजलंय. एलईपीला तो सापडला नाही याचं कारणही साधं: तिथे हिग्ज मुख्यतः झेड बोसॉन या दुसऱ्या जड कणाच्या जोडीने बनला असता. झेडचे ९१ आणि हिग्जचे १२५ मिळून २१६ जीईव्ही, आणि यंत्र २०९ वर थांबलं.

म्हणूनच एलएचसी चालवणाऱ्या सर्न संस्थेच्या सुमारे ९१ किलोमीटरच्या नव्या बोगद्याच्या प्रस्तावात पहिलं यंत्र इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचं आहे. तिथे २४० जीईव्हीला एकूण ऊर्जा आधीच माहीत असेल. झेड नीट मोजला की वजाबाकी करून हिग्ज कळेल, तो कशातही विघटित झाला तरी. प्रोटॉनचं यंत्र त्याच बोगद्यात त्यानंतर.