बसरा मोती आणि कल्चर मोती: दोन्ही खरेच, मग किमतीत एवढं अंतर का?

नथ घ्यायला गेलेलं माणूस पेढीवर बसल्याबसल्या विचारतं, "मोती खरे आहेत ना?" सराफ म्हणतो, "हो, खरेच." तो खोटं बोलत नसतो, प्रश्नच चुकलेला असतो. कल्चर मोतीही खराच. तोही शिंपल्याच्या पोटातच वाढतो. खोटा म्हणायचा तो काचेच्या किंवा प्लास्टिकच्या मण्यावर लेप चढवलेला. दातावर हलकेच घासून बघायची आजीची रीत पकडते ती या खोट्यालाच: खरा मोती किंचित खरखरतो, नकली गुळगुळीत सरकतो. पण बसराही खरखरतो आणि कल्चरही. त्यामुळे विचारायचं ते हे की मोती बसऱ्यासारखा आपसूक झाला, की कल्चरसारखा माणसाने करवून घेतला?

स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडतो आणि त्याचा मोती होतो, हे आपण लहानपणी ऐकलेलं असतं. नंतर कोणीतरी थेंबाच्या जागी वाळूचा कण सांगतं. तेही फारसं खरं नाही, कारण वाळूत राहणाऱ्या प्राण्याला वाळू बाहेर टाकता येते. बहुतेक वेळा एखादा परजीवी जंतू शिरतो किंवा शिंपल्यातल्या जिवाच्या मऊ आवरणाला इजा होते. त्या आवरणातल्या पेशी आत ढकलल्या जातात, त्यांची पिशवी बनते आणि त्या पिशवीत थरावर थर साचत जातो. थर कॅल्शियम कार्बोनेटचे, त्यांना चिकटवून ठेवणारं प्रथिन. या पातळ थरांमधून उजेड परततो तेव्हा मोत्यात जी झळाळी दिसते, तिलाच आपल्याकडे पाणी म्हणतात.

कल्चर मोत्यात हा अपघात माणूस घडवून आणतो. शिंपला जरासा उघडून आत एक गोल मणी ठेवायचा आणि त्याला दुसऱ्या शिंपल्याच्या आवरणाचा तुकडा लावून द्यायचा. गंमत अशी की जपानी मोत्याच्या पोटातला हा मणी बहुधा अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातल्या गोड्या पाण्याच्या शिंपल्याचा असतो. जपानच्या अकोया मोत्यात मण्यावर चढलेला थर बहुतेकदा एक मिलिमीटरही नसतो. म्हणजे बसरा मोती कापला तर कांद्यासारखा पापुद्र्यांचाच निघेल आणि अकोया कापला तर आत मणी, वर साल.

'बसरा' हे नावही थोडं फसवं आहे. हे मोती बसऱ्यात निघत नसत. ते निघत इराणच्या आखातात, बहरीन, कतार, कुवेतच्या किनाऱ्यांवर. पाणबुडे नाकाला चाप लावून, पायाला दगड बांधून तळ गाठत. बसरा हे इराकमधल्या बंदराचं नाव मालाला चिकटलं. आखाताचा बराचसा माल मुंबईला येई. इथे तो विंधला जाई, रंग-आकारानुसार निवडला जाई आणि इथूनच पॅरिस-लंडनला जाई. मुंबईच्या मोतीबाजाराचा हिशेब 'चव' या मापाने चाले आणि त्यात वजनाचा वर्ग धरत. म्हणजे दोन रत्तीचा मोती एक रत्तीच्या मोत्याच्या दुप्पट नव्हे, चौपट किमतीचा. सोन्या-चांदीचं वजन वाढलं तर किंमत त्याच प्रमाणात वाढते. मोठा, गोल, निर्दोष मोती आपसूक मिळणं किती दुर्मीळ आहे, ते या गणितातच मुरलेलं आहे. पानिपतानंतरच्या सांकेतिक पत्रात भाऊ आणि विश्वासराव मोती होते, बाकीच्या मोहरा आणि खुर्दा. मोहरेच्या वर मोती, हा क्रम लिहिणाऱ्याला समजावून सांगावा लागला नाही.

एका मोत्यापेक्षाही अवघड काम म्हणजे सर जुळवणं. एकाच रंगाचे, एकाच पाण्याचे साठ-सत्तर मोती गोळा करायला वर्षानुवर्षं जात. १९१७ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये कार्टिये या फ्रेंच जवाहिऱ्याने दोन पदरी मोत्यांचा हार देऊन फिफ्थ अॅव्हेन्यूवरचा एक आख्खा वाडा घेतला. हाराची किंमत धरली होती दहा लाख डॉलर. कार्टियेचं दुकान आजही त्याच वास्तूत आहे. तोच हार १९५७ साली विकला गेला तेव्हा दीड लाखाच्या आसपास आला.

भाव असा कोसळला त्यामागे कोकिची मिकिमोतो होता. त्याने १८९३ साली जपानमध्ये अर्धगोल मोती पिकवला. पुढे गोल मोतीही पिकू लागले आणि १९२० च्या दशकात ते युरोपच्या बाजारात उतरल्यावर व्यापाऱ्यांनी हलकल्लोळ केला. तक्रार मोती वाईट असल्याची नव्हतीच. वरून बघून ओळखता येत नाही, हेच दुखणं होतं. त्यातच १९२९ ची मंदी आली आणि आखातातला धंदा बसला. १९३२ साली बहरीनला तेल लागलं, मग पाणबुडे समुद्रात कशाला जातील?

म्हणूनच आज बसरा महाग. कल्चर मोती मागणीप्रमाणे पिकवता येतो, जुना बसरा जेवढा आहे तेवढाच. वरून संग्राहक वंशावळ बघतो. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या सात पदरी हारातल्या मोत्यांचा दोन पदरी हार २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सत्तर लाख डॉलरच्या वर गेला. 'ला पेरेग्रिना' हा पनामाकडचा, स्पेनच्या राजघराण्यात फिरलेला मोती नट रिचर्ड बर्टनने १९६९ साली ३७,००० डॉलरला घेऊन आपल्या बायकोला, नटी एलिझाबेथ टेलरला दिला. २०११ च्या लिलावात तिचा तो दागिना एक कोटी अठरा लाख डॉलरला गेला. मोती तोच, पाणीही तेच. मधल्या बेचाळीस वर्षांत टेलरच्या गळ्याची भर पडली होती.

सौंदर्याचं म्हणाल तर कल्चर मोती बरेचदा उजवा दिसतो. गोल, टपोरा, आरशासारखा. बसरा साधारण बारीक, मलईच्या नाहीतर पिवळसर रंगाचा, जरा वाकडातिकडा. घरच्या जुन्या तन्मणीचे किंवा कुड्यांचे मोती नीट बघा, एकसारखे दोन सापडायला वेळ लागेल. सर अगदी साच्यातून काढल्यासारखी असेल तर शंका घ्यावी. दुसरी खूण वेज, म्हणजे मोत्याला पाडलेलं भोक. मोती वजनावर विकला जाई, म्हणून विंधणारा वेज शक्य तितका बारीक ठेवी. भिंगाखाली वेजाच्या कडेला आतल्या मण्याची आणि वरच्या थराची सीमारेषा दिसली तर तो कल्चर. पण या खुणाच, पुरावा नव्हे.

पुरावा क्ष-किरणांचा. आतले थर किंवा मणी त्यात उमटतात. चीनमधल्या गोड्या पाण्याच्या मोत्यांना तेही सोपं जात नाही, कारण त्यातल्या पुष्कळांत मणी घालतच नाहीत, नुसता आवरणाचा तुकडा घालतात. हैदराबादच्या बाजारात विकले जातात त्यांतले बरेच मोती हे. स्वस्त आणि छान असतात, फक्त त्यांना बसरा म्हणू नये. नथीवरचा हॉलमार्क मोत्यांबद्दल काहीच सांगत नाही, तो सोन्याचा. "बसरा" असं तोंडी सांगणाऱ्याकडून "नैसर्गिक, कल्चर नाही" एवढे शब्द पावतीवर लिहून मागा. बारीक मोत्यांच्या नथीसाठी प्रयोगशाळेचा खर्च परवडणार नाही, मोठ्या सरीसाठी तो करावाच.

दोघांची निगा मात्र एकच. घाम, अत्तर, लिंबाचा रस, सगळ्यांनीच पाणी उतरतं, तेव्हा दागिना सगळ्यात शेवटी घालायचा आणि आधी काढायचा. पातळ थराच्या कल्चर मोत्याची तर साल निघून आतला मणी उघडा पडू शकतो.

आणि जुनं सोनं मोडायला नेलंत तर एक लक्षात ठेवा. काट्यावर मोती वजा होतात. सोन्याच्या हिशेबात ते निव्वळ अडगळ, त्यांचा भाव कोणी सांगत नाही. दागिना मोडायच्या आधी मोती मोजा, आणि काढलेल्या मोत्यांची पुडी हातात पडल्याशिवाय पेढीवरून उठू नका.