जुनं सागवान 'हलत नाही'?

'मुरलेलं सागवान मेलेलं असतं, ते फुगत नाही आणि आकसतही नाही', हे सुतारकाम शिकणाऱ्याला हमखास ऐकवलं जातं. ते चूक आहे. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी हलतं एवढंच खरं. लाकूड कितीही जुनं असो, ते हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं. पॉलिशने हा वेग मंदावतो, थांबत नाही.

लांबीत फरक नगण्य, सगळा खेळ रुंदीचा. 300 मिमी रुंदीच्या आडव्या कापाच्या (वाढीची वलयं रुंद बाजूला साधारण समांतर असलेल्या) फळीतला ओलावा 8 वरून 14 टक्क्यांवर गेला, की ती सुमारे 3 मिमी रुंदावते. उभ्या कापाची (वलयं रुंद बाजूला काटकोनात असलेली) फळी याच्या निम्मीच हलते.

म्हणून कोरीव फळी चौकटीत कधीही चिकटवू नये. चिकटवली तर उन्हाळ्यात ती मधोमध तडकते, आणि बहुतेकदा जिथे कोरून जाडी कमी झाली आहे तिथेच. दोष मात्र लाकडाला दिला जातो! फळीची कड बसते ती चौकटीतली खाच 10 मिमी खोल घ्यावी. उन्हाळ्यात जोडणी करत असाल तर दोन्ही बाजूंच्या खाचेत 3-3 मिमी जागा सोडा, भर पावसात एकेक मिमी पुरते. सरस फक्त चौकटीच्या कुसवांना (एका पट्टीच्या टोकाची जीभ, जी दुसरीच्या भोकात बसते). फळीला जोडणीआधीच कडेपर्यंत पॉलिश करा, नाहीतर ती आकसल्यावर कोऱ्या लाकडाची पट्टी दिसते. फळी एका बाजूला सरकू नये म्हणून वर-खाली मधोमध एकेक बारीक खिळा पुरे.

टेबलाच्या वरच्या फळीलाही हाच नियम: स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट ठेवावीत.