केग, घरगुती बिअरचा

घरी आंबवलेल्या बिअरमध्ये कार्बन डाय-ऑक्साइड वायू विरघळवणे, ती दाबाखाली साठवणे आणि त्याच भांड्यातून तोटीने पेल्यात ओतणे ही तिन्ही कामे करणारे लहान, एकट्याला उचलता येण्याजोगे पीप. बाटल्या भरण्याचा खटाटोप वाचतो म्हणून बहुतेक जण केगकडे वळतात. पण त्याचे खरे महत्त्व दोन गोष्टींत आहे. वायूचे प्रमाण हवे तेवढे राखता येते आणि बिअरला ऑक्सिजनपासून दूर ठेवता येते. या नोंदीत दिलेले दाब वातावरणीय दाबाहून जास्तीचे, म्हणजे दाबमापकावर वाचले जाणारे आहेत.

नाव व उगम : घरगुती वापरात सर्वांत रुळलेला केग मुळात बिअरसाठी बनलेलाच नव्हता. शीतपेयांचा पाक किंवा तयार पेय विक्रेत्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी अमेरिकेत अगंज पोलादाची दंडगोल पिंपे वापरात आली. त्यांची नेहमीची धारकता ५ अमेरिकन गॅलन (सु. १९ लि.). मिनीॲपोलिस येथील कॉर्नेलियस कंपनीवरून अशा पिंपाला ‘कॉर्नेलियस केग’ व बोलण्यात ‘कॉर्नी’ म्हणतात. हे नाव मात्र जपून वापरले पाहिजे. फायरस्टोन व इतर कारखान्यांनीही अशी पिंपे मोठ्या संख्येने बनवली आणि आज ‘कॉर्नी’ म्हणून विकले जाणारे पीप अनेकदा त्या कंपनीचे नसतेच. त्यामुळे नावावरून एकाच कंपनीला या रचनेचे जनकत्व देण्यापेक्षा ‘सोडा केग’ ही तटस्थ संज्ञा अधिक योग्य वाटते.

जोडणीचे दोन प्रकारही शीतपेयांच्या धंद्यातील स्पर्धेतून आले. पेप्सीच्या वितरणाशी निगडित पिंपांवरील जोडणी पोलादी गोळ्यांनी अडकते. कोका-कोलाशी निगडित पिंपांवर खुंट्या असतात, वायूच्या तोंडाला दोन व द्रवाच्या तोंडाला तीन. गोळीची जोडणी असलेले पीप उंच व सडपातळ, तर खुंटीचे ठेंगणे व रुंद असते. एकाचे जोड दुसऱ्याला बसत नाहीत. १९८० च्या दशकापासून शीतपेयांचा पाक खोक्यातील प्लॅस्टिक पिशवीतून जाऊ लागला आणि ही पिंपे हळूहळू निरुपयोगी ठरून स्वस्तात मिळू लागली. अमेरिकेत घरी बिअर बनवण्याला संघराज्य पातळीवर मुभा देणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली व तो फेब्रुवारी १९७९ पासून अंमलात आला. वाढता छंद आणि मोडीत निघालेली पिंपे यांची गाठ पडली ती अशी.

ब्रिटनमध्ये घरगुती मद्यनिर्मितीच्या परवान्याची अट १९६३ मध्येच उठली होती. तेथे प्लॅस्टिकचे दाबपीप रूढ झाले. त्याची धारकता ५ इंपीरियल गॅलन (सु. २३ लि.) असते आणि त्यात ८ ग्रॅ. वायूच्या छोट्या कुप्या झाकणातील झडपेतून सोडतात. ते पोलादी पिंपाइतका दाब सोसत नाही, त्यामुळे एल या कमी वायूच्या ब्रिटिश बिअरसाठीच ते शोभते. पत्र्याचा ५ लि. चा छोटा केग जर्मनीत लोकप्रिय आहे. व्यापारी मद्यशाळांची एकाच झडपेची मोठी पिंपे यांहून वेगळी असून ती घरी उघडून धुणे अवघड असते.

रचना : सोडा केगच्या माथ्यावर अंडाकृती तोंड असते. झाकणही अंडाकृती असून ते आडवे धरून आत घालतात व फिरवून आतल्या बाजूने वर ओढून बसवतात. आतला दाब झाकणाला तोंडाच्या काठावर घट्ट दाबतो. म्हणजे दाब जितका जास्त तितकी बंदिस्ती पक्की. याची उलट बाजू नवख्यांना ठाऊक नसते : दाब कमी असताना झाकण नीट बसत नाही व वायू नकळत निसटतो. झाकणावर दाब सोडण्याची झडप असते. वायूची नळी तोंडापाशीच संपते, तर द्रवाची नळी तळापर्यंत जाते. दोन्ही तोंडांत स्प्रिंगच्या झडपा असून जोड काढताच त्या मिटतात. जुन्या सोडा केगवर सामान्यतः १३० पौंड प्रति चौ. इंच (सु. ९ बार; १ बार म्हणजे साधारण एक वातावरण दाब) इतका कार्यकारी दाब कोरलेला असतो, बिअरला त्याच्या चौथाईहून अधिक क्वचितच लागतो. पाकाचा वास पोलादात मुरत नाही, रबरी कड्यांत मुरतो. म्हणून जुने पीप आणल्यावर सर्व रबरी कडी बदलणे हेच पहिले काम.

वायू विरघळण्याचे तत्त्व : जोसेफ प्रीस्टली यांनी १७६७ च्या सुमारास लीड्स येथील मद्यशाळेत आंबणाऱ्या बिअरच्या पिंपावर पाणी धरून ते ‘स्थिर हवेने’ (कार्बन डाय-ऑक्साइडचे त्या काळचे नाव) भारले आणि १७७२ मध्ये ती रीत प्रसिद्ध केली. विल्यम हेन्री यांनी १८०२–०३ मध्ये मांडलेला नियम येथे पायाभूत आहे : ठरावीक तापमानाला द्रवात विरघळणारा वायू त्या वायूच्या दाबाच्या प्रमाणात असतो. तापमान उतरले की विद्राव्यता वाढते.

बिअरमधील वायू ‘घनफळां’त मोजतात. १ लि. बिअरमध्ये ०° से. व एक वातावरण दाबाचा १ लि. वायू (सु. १.९६ ग्रॅ.) विरघळलेला असेल, तर ते एक घनफळ. ब्रिटिश एलमध्ये साधारणपणे १.५ ते २, फिक्या लागर बिअरमध्ये २.५ च्या आसपास, तर जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये ३.५ किंवा अधिक घनफळे असतात. अडीच घनफळांसाठी ४° से. ला सु. ०.८ बार, १०° से. ला १.२ बार आणि २०° से. ला १.९ बार दाब लागतो. तापमान व दाबाच्या या तीन जोड्या ध्यानात ठेवल्या तर पुढचा बराचसा गोंधळ टळतो.

कार्बनीकरणाच्या (वायू विरघळवण्याच्या) रीती : सर्वांत सोपी रीत म्हणजे पीप थंड करून वर दिलेला दाब लावणे आणि एक ते दोन आठवडे हात न लावणे. समतोल साधल्यावर वायू आपोआप थांबतो. त्यात चूक होण्याला जागाच नाही. घाई असलेले २ बारचा दाब एक दिवसभर लावून मग तो उतरवतात. पीप आडवे करून हलवल्यास द्रवाचा वायूशी संपर्क वाढून काम मिनिटांत होते, पण नेमके कोठे थांबायचे ते कळत नाही व अतिभारित बिअर नुसता फेस होऊन येते. बारीक छिद्रांच्या पोलादी ‘दगडा’तून तळाशी बुडबुडे सोडण्याची रीत वेगवान आहे, मात्र तो दगड निर्जंतुक ठेवणे जिकिरीचे. वेळ असेल तर पहिलीच रीत निवडावी.

दुसरा मार्ग नैसर्गिक आहे. किण्वन (आंबणे) पूर्ण होण्याआधीच पीप बंद करून, ठरलेल्या दाबाला उघडणारी झडप लावून त्याचाच वायू कोंडायचा, ही जर्मन मद्यशाळांतील जुनी पद्धत. किंवा किण्वन संपल्यावर मोजकी साखर घालून ते पुन्हा सुरू करायचे.

साखरेचा वाद : केगमध्ये बाटल्यांच्या निम्मी, काहींच्या मते तिसरा हिस्साच, साखर घालावी असे अनेक जुन्या मार्गदर्शिका सांगतात. कारण म्हणून पिंपात द्रवावरील रिकामी जागा तुलनेने कमी असते असे दिले जाते. हे हिशोबाने तपासून पाहण्याजोगे आहे.

एक रेणू ग्लुकोजपासून दोन रेणू कार्बन डाय-ऑक्साइड मिळतो. म्हणजे १८० ग्रॅ. पासून ८८ ग्रॅ. वायू. त्यामुळे एका लिटरात एक घनफळ वाढवण्यास सु. ४ ग्रॅ. ग्लुकोज लागते (साध्या साखरेचे ३.८ ग्रॅ.). २०° से. ला आंबलेल्या बिअरमध्ये सु. ०.८५ घनफळ वायू आधीच असतो. १८ लि. बिअर अडीच घनफळांवर न्यायची तर १८ × १.६५ × ४, म्हणजे सु. ११९ ग्रॅ. ग्लुकोज हवे. पिंपातील उरलेल्या १ लि. जागेतील हवा आधी वायूने हुसकली असेल, तर ती जागा २०° से. च्या समतोल दाबापर्यंत भरण्यास आणखी सु. ७ ग्रॅ. लागते. बाटलीतही मानेतील रिकामी जागा धारकतेच्या काही टक्केच असते. तेव्हा दोहोंतील फरक थोडक्या ग्रॅमांचा निघतो, निम्म्याचा मुळीच नाही. पीप अर्धेच भरले असेल, तर प्रतिलिटर साखर उलट जास्तच लागेल.

मग निम्म्या साखरेचा सल्ला इतकी वर्षे टिकला कसा? निम्म्या साखरेने बिअर सु. १.७ घनफळांवर येते, आणि ते प्रमाण ब्रिटिश पिंपातील एलचे आहे. त्या परंपरेतील माणसाला त्यात काही खटकत नाही. इतरांच्या बाबतीत पीप थंड करून त्यावर सिलिंडरचा दाब लावला की उरलेली तूट एक-दोन आठवड्यांत वायूच भरून काढतो आणि श्रेय साखरेला मिळते. पूर्ण साखर घातलेले पीप आखूड नळीतून ओतल्यास फेसाळते, हाही अनुभव सल्ल्याला बळ देणारा ठरला असावा. परंतु तो दोष नळीचा आहे, साखरेचा नाही. म्हणून हव्या त्या घनफळांचा हिशोब करूनच साखर घालावी, हे मत अधिक ग्राह्य दिसते. साखर घातल्यावर आधी थोडा वायू सोडून झाकण घट्ट बसवून घेणे अगत्याचे. नाही तर किण्वनाचा पहिला वायू कडेने निघून जातो आणि दोष पुन्हा साखरेच्या मापाला लागतो.

नैसर्गिक वायूचे बुडबुडे अधिक बारीक असतात, ही समजूतही व्यापक आहे. विरघळलेला रेणू सिलिंडरमधून आला की यीस्टकडून, यात रसायनशास्त्र भेद करीत नाही. फेसाचा पोत प्रथिने, हॉप या वेलीच्या फुलांतील कडू द्रव्ये आणि पेल्याची स्वच्छता यांवर ठरतो. ब्रिटनमधील १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅम्रा’ या ग्राहक चळवळीने बाहेरच्या वायूला विरोध केला, त्याची पार्श्वभूमी वेगळी होती : त्या काळची व्यापारी केग बिअर गाळलेली, पाश्चरीकृत व जास्त वायूची असे. तो आक्षेप घरच्या जिवंत यीस्ट असलेल्या केगला जसाच्या तसा लागू करणे योग्य नव्हे. नैसर्गिक रीतीचा खरा लाभ निराळाच आहे : पुन्हा जागे झालेले यीस्ट भरताना शिरलेला ऑक्सिजन संपवते.

साठवण व ऑक्सिजन : ऑक्सिजनमुळे हॉपचा सुगंध विरतो, फिका रंग तांबूस पडतो आणि कालांतराने ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. कार्बन डाय-ऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तो बिअरवर ‘पांघरूण’ घालतो असे सर्रास सांगितले जाते. ते फारसे खरे नाही. वायू एकमेकांत मिसळतात. ऑक्सिजन घालवायचा तर तो विरळ करत न्यावा लागतो. दोन बारपर्यंत (वातावरणीय दाब धरून एकूण तीन) वायू भरून सोडला की उरलेला ऑक्सिजन दर वेळी साधारण एक-तृतीयांश होतो. हवेतील २१ टक्क्यांपासून सुरुवात केल्यास तीन वेळांनंतरही तो पाऊण टक्क्याहून अधिक असतो. दहा वेळांनंतर दशलक्ष भागांत चारच्या आत येतो. त्याहून सरस उपाय म्हणजे पीप निर्जंतुक द्रवाने काठोकाठ भरून तो वायूच्या दाबाने तोटीतून बाहेर ढकलणे आणि रिकाम्या झालेल्या पिंपात झाकण न उघडता, द्रवाच्या तोंडातून बिअर चढवणे. कमी वायू खर्चून हवा जवळजवळ संपूर्ण निघते. घरगुती बिअरची चव टिकवण्यात या एका पायरीइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

पोलाद प्रकाश अडवते, त्यामुळे हॉपचे घटक प्रकाशाने बिघडून येणारा उग्र वास केगमध्ये येत नाही. थंड ठेवलेली, हवा न लागलेली बिअर महिनोन्‌महिने टिकते. तीव्र हॉपच्या बिअरचा बहर मात्र त्याआधीच ओसरतो.

तोटी व नळी : बिअर साठवतानाचा व ओततानाचा दाब एकच असावा, नाही तर समतोल ढळतो. तो दाब तोटीपाशी येईपर्यंत नळीतील घर्षणाने जिरवायचा असतो. सु. ५ मिमी. आतील व्यासाची नळी असल्यास साधारण ३ मी. लांबी धरतात, तोटी पिंपाहून १ मी. उंच असेल तर त्यातला ०.१ बार चढावातच जातो. फेस जास्त आल्यास दाब कमी करण्याची सवय अनेकांना असते, पण त्याने बिअरमधला वायू नळीतच सुटू लागतो आणि फेस उलट वाढतो.

गळती व सुरक्षितता : एका पिंपाच्या कार्बनीकरणास सु. ६० ग्रॅ. आणि ते रिकामे करण्यास तेवढाच वायू लागतो. याहून फार अधिक खर्च होत असेल, तर सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती शोधावी. सिलिंडरमधील द्रवरूप कार्बन डाय-ऑक्साइडचा दाब २०° से. ला सु. ५७ बार असतो. दाब उतरवणाऱ्या रेग्युलेटरशिवाय तो पिंपाला कधीही जोडू नये आणि सिलिंडर उभाच ठेवावा, म्हणजे द्रव रेग्युलेटरमध्ये शिरत नाही. हवेत सामान्यतः ०.०४ टक्के असणारा हा वायू ४ टक्क्यांवर गेल्यास जिवाला तातडीचा धोका असतो, म्हणून लहान बंद खोलीत किंवा तळघरात हवा खेळती हवी. पीप धुण्यासाठी क्लोरीनयुक्त द्रव भिजत ठेवल्यास अगंज पोलादालाही बारीक खड्डे पडतात. सोडियम परकार्बोनेट चालते, आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे पांढरे पुट अधूनमधून सौम्य आम्लाने काढावे लागते. झाकण अडकवणारी कडी उचलण्यापूर्वी झडपेतून दाब पूर्ण सोडावा. कडी उचलल्यावरही झाकण सहज आत ढकलले जात नसेल, तर आत अजून दाब आहे असेच समजावे.