बोटांसाठी चित्र घडवताना

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या एखाद्या सुरेख चित्रातली प्रत्येक रेघ उठावदार केली आणि ते अंध मुलाच्या हाती दिलं, तर त्याच्या बोटांना बहुधा नुसता गुंता लागेल. झाडांआडचा शालिनी पॅलेस, पुढचं पाणी, पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं एकमेकांत शिरलेलं!

डोळ्याला चित्र एका नजरेत दिसतं. बोटांना ते तुकड्यातुकड्यानं चाचपून मनात जुळवावं लागतं. शिवाय बोटाच्या टोकावर साधारण २ मिलिमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू एकच भासतात. पाठीवर हेच अंतर ४ सेंटिमीटरच्या घरात जातं. ब्रेल अक्षरातले ठिपके सुमारे अडीच मिलिमीटरवर असतात, म्हणून ते वेगवेगळे कळतात. तेव्हा स्पर्शचित्र करताना आधी वगळायला शिकावं लागतं. झाडं काढा, प्रतिबिंब काढा. काठ, पाणी आणि इमारत सुटी सुटी ठेवा.

रंगांची जागा पोत घेतो, आणि मला यातला हाच भाग सगळ्यात विलक्षण वाटतो. जाडाभरडा पोत बोट नुसतं टेकवूनही कळतो. पण साधारण ०.२ मिलिमीटरपेक्षा बारीक पोत बोट फिरवल्याशिवाय उमगत नाही. फिरताना त्वचेत उठणारी कंपनं तो सांगतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या प्रयोगात, अवघ्या १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभागसुद्धा माणसांनी बोट फिरवून वेगळा ओळखला. तापमानाचंही तसंच. एकाच खोलीतला पत्रा आणि गोणपाट सारखेच गरम असतात, तरी पत्रा बोटातली उष्णता झटकन ओढून घेतो म्हणून गार लागतो. रंकाळ्याचं पाणी पत्र्याचं करावं, काठ गोणपाटाचा. चपलांच्या चामड्याची वेणी, कुंभार गल्लीतली शाडू अशी सामग्री कोल्हापुरात हाताशीच आहे.

आकारमानही हाताच्या मापाचं हवं. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातले पायथ्याचे हत्ती चाचपता येतात, पण ४८ खांबांच्या स्वर्गमंडपाचं वरचं गोल, उघडं छत कुणाच्याच हाती येत नाही. दोन्ही तळव्यांत मावणारी शाडूची प्रतिकृती केली, की त्या छिद्रातून बोट आत जातं आणि खांबांची वर्तुळंही एका फेरीत सापडतात.

ती जमली की नाही, हे मात्र अंध व्यक्तीलाच विचारावं. करणाऱ्यानं डोळे मिटून तपासणं पुरेसं नाही, कारण मूळ मंदिर त्याच्या मनात आधीपासूनच असतं.